विजापूरची जामा मशीद : आठ कमानी, एक घुमट आणि चुना

कातळवेडा
विजापूरला गेलेला माणूस गोलघुमटात हाळी देतो, इब्राहिम रोजा बघतो, मुलुख-ए-मैदान तोफेपाशी फोटो काढतो आणि वेळ उरलाच तर जामा मशिदीत डोकावतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. गोलघुमट ज्या युक्तीवर उभा आहे ती जामा मशिदीत आधी वापरलेली आहे, आणि तिथे ती जमिनीवरून नीट दिसते. गोलघुमटात मान कितीही वर केली तरी उंचीपुढे भूमिती हरवते.

मशीद पहिल्या अली आदिलशहाच्या कारकिर्दीतली (१५५८ ते १५८०). जानेवारी १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगर पडलं, त्यानंतर विजापुरात पैसा आला आणि बांधकामांचा धडाका सुरू झाला. शहराचा तट, तोरवी गावाकडून आणलेलं पाणी, ही मशीद, सगळं त्याच हातचं. मशिदीच्या आरंभाचं साल कुठे १५६५ नंतर लगेचचं तर कुठे १५७६ असं छापलेलं सापडेल. दोन्ही याच राजाच्या काळात बसतात, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही.

हा धागा स्थापत्यावर ठेवूया. कुणी काय बांधलं, कसं बांधलं आणि आज कुठे काय बिघडतं, एवढंच.

नकाशेवाला
आराखड्यापासून सुरू करतो. किब्ला, म्हणजे नमाजात तोंड करायची मक्केची दिशा, आपल्याकडे पश्चिमेला, म्हणून नमाजाचा दालनभाग पश्चिमेला आणि दरवाजा पूर्वेला. मध्ये अंगण, अंगणात हौद, उत्तर-दक्षिणेला कमानींच्या ओवऱ्या.

मुख्य दालन रुंदीला नऊ गाळे (गाळा म्हणजे चार खांबांमधली चौकोनी जागा) आणि खोलीला पाच गाळे, म्हणजे पंचेचाळीस. त्यातले मधले तीन गुणिले तीन असे नऊ गाळे मोकळे करून वर एकच मोठा घुमट. उरले छत्तीस. या छत्तीसांवर प्रत्येकी एक उथळ घुमटी आहे, पण बाहेरून एकही दिसत नाही. छताच्या जाडीत त्या गाडून टाकल्यात आणि वर सपाट गच्ची. त्यामुळे अंगणातून बघताना सपाट छत आणि त्यावर एकटा अर्धगोल घुमट, एवढंच चित्र उरतं. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातल्या १३६७ च्या मशिदीशी ताडून बघा. तिथे अंगणच नाही, सगळं छताखाली, आणि छोट्या घुमटांची रांगच्या रांग उघडी. विजापूरवाल्यांनी ती गर्दी झाकली.

दर्शनी बाजूला नऊ कमानी. मधलीला तेवढ्या पाकळ्या कापल्यात, बाकी आठ साध्या टोकदार. मेहराब, म्हणजे पश्चिम भिंतीतला किब्ला दाखवणारा कोनाडा, कुठे आहे हे बाहेरूनच कळतं. कमानींवर दगडी हस्तांनी (ब्रॅकेटांनी) तोललेला खोल छज्जा.

अदमास
मधले नऊ गाळे मोकळे केले म्हणजे आतले चार खांब काढले. मग घुमटाचं वजन गेलं कुणावर? कडेच्या बारा खांबांवर म्हणावं तर चौकोनावर गोल बसवायचा कसा? दिल्लीत चारही कोपऱ्यांत तिरपी कमान टाकून अष्टकोन करतात. इथे तसंच आहे का?

नकाशेवाला
तसं नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. कोपऱ्यातली तिरपी कमान फक्त कोपरा भरते. इथे आठ कमानी एकमेकींना छेदत पूर्ण दालनभर फिरतात.

आलेखाच्या कागदावर काढून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. १९व्या शतकातल्या मोजणीत मधला चौकोन बाजूला सुमारे ७५ फूट दिलाय. तो काढा. प्रत्येक बाजूचे तीन सारखे भाग करा, म्हणजे दर बाजूवर दोन खुणा, एकूण आठ. हे कमानींचे पाय. कोपऱ्याचे चार खांब सोडून द्या. आता वरच्या बाजूपासून घड्याळाच्या दिशेने १ ते ८ आकडे टाका. १ ला ३ शी जोडा, ३ ला ५ शी, ५ ला ७ शी, ७ ला परत १ शी. मग २-४-६-८-२. दोन तिरके चौकोन एकमेकांत अडकलेले दिसतील. प्रत्येक रेघ म्हणजे एक कमान.

आता माप काढा. प्रत्येक रेघ म्हणजे ५० आणि २५ फुटांच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण, म्हणजे सुमारे ५६ फूट. आठही कमानी एकाच लांबीच्या, त्यामुळे एकच सेंटरिंग (कमान बांधताना खालून धरणारा साचा) आठ ठिकाणी चालतं. आणि दोन्ही चौकोनांच्या आत जे वर्तुळ बसतं त्याचा व्यासही तेवढाच, ५६. मोजणीत आतला व्यास ५७ फूट नोंदलाय. खांबांची जाडी न धरता केलेल्या हिशोबाला एवढं जुळणं पुष्कळ झालं.

अदमास
काढून पाहिलं. पण दोन चौकोनांमधला कोन ४५ अंश येत नाही, ३७ च्या आसपास येतो. आतला अष्टकोन किंचित वाकडा होतो.

नकाशेवाला
बरोबर निरीक्षण. अष्टकोन चोख हवा असेल तर बाजूचे भाग २५-२५-२५ न करता २२-३१-२२ करायचे, म्हणजे मधला गाळा जरा रुंद. तेव्हा कोन ४५ अंश होतो आणि आतलं वर्तुळ ५७.४ फूट. सूत्र हवंच असेल तर चौकोनाची बाजू गुणिले ०.७६५. गवंड्याला हे गणित लागत नाही. जमिनीवर चुन्याच्या पाण्यात बुडवलेली दोरी ताणली की दोन चौकोन उमटतात.

चुनाभट्टी
भूमितीने पाय ठरले, पण घुमट टिकला तो वजन कुठे ठेवलंय यामुळे. अर्धगोल घुमटाचा पाया नेहमी बाहेर सरकायला बघतो. याला रेटा म्हणतात. तो अडवायला एक तर भिंती अफाट जाड करा, नाहीतर बाहेरून टेकू द्या. विजापूरवाल्यांनी तिसराच मार्ग काढला.

आठ कमानी छेदत वर येतात तेव्हा त्यांच्यामधल्या खोबणी भरून काढतात. ही भरणी दालनाच्या आत झुकलेली असते, म्हणजे तिचं वजन आतल्या बाजूला ओढतं. घुमट या भरणीच्या आतल्या कडेवर ठेवत नाहीत, कडेपासून मागे सरकवून ठेवतात. भरणी आत ओढते, घुमट बाहेर ढकलतो, आणि दोन्ही एकमेकांना बरेचसे खातात. बाहेरच्या भिंतीवर जे उतरतं ते बहुतेक उभं वजन. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जे काम करते तेच इथे दगडचुन्याच्या वजनाने करून घेतलंय.

गोलघुमटात आकडे मोठे असल्याने हे जास्त ठळक दिसतं. दालन आतून बाजूला १३५ फूट. आठ कमानींनी आकुंचन पावून वर गोल तोंड उरतं ९७ फुटांचं. घुमटाचा आतला व्यास मात्र १२४ फूट ५ इंच. म्हणजे घुमट कडेपासून दर बाजूला पावणेचौदा फूट मागे. त्या मागे सरकण्यातून जो कठडा उरला तीच आजची कुजबुजीची गॅलरी. लोक तिथे आवाजाची मजा बघतात. ती जागा मुळात तोल साधण्यातून आलेली आहे.

कातळवेडा
नकाशेवाल्याच्या सूत्राने ०.७६५ गुणिले १३५ म्हणजे १०३. प्रत्यक्ष कडा आणखी आत आलीय, ९७ वर. जामा मशिदीनंतर साधारण ऐंशी वर्षांत, १६५६ पर्यंत, तीच आकृती जवळजवळ दुप्पट मापाने उभी राहिली.

इंजिनवाला
तोलाची कल्पना पटते, पण सगळं श्रेय तिला देऊ नका. अर्धगोल कवचात माथ्यापासून साधारण ५२ अंशांपर्यंत आडवी कडी, म्हणजे कवचाचं आडवं वर्तुळ, दाबात असते, त्याखाली ताणात. विटा-चुना ताण फारसा घेत नाही. म्हणून अशा घुमटांना खालच्या पट्ट्यात उभ्या भेगा पडतात, पायापासून वर चढणाऱ्या आणि वर जाता जाता बुजणाऱ्या. गोलघुमटाचं कवच पायाशी दहा फूट जाड आहे ते याचसाठी. मागे सरकवलेल्या बैठकीने भिंत वाचते, पण कवचाला स्वतःची जाडी लागतेच.

अशी भेग दिसली म्हणून घाबरायचं कारण नसतं. ती वाढतेय का, हे महत्त्वाचं. भेगेच्या दोन्ही काठांवर काचेची पातळ पट्टी जिप्समने चिकटवायची, तारीख टाकायची. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. उन्हाळा आणि पावसाळा असा पूर्ण फेरा गेल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, कारण तापमानाने भेग थोडी उघडझाप करतेच. आडवी भेग मात्र वेगळी. ती कमानीच्या माथ्याजवळ किंवा घुमटाच्या बैठकीशी दिसली तर पाया खचतोय का ते आधी तपासा.

दख्खनी_दस्तऐवज
इतिहासाचा एक टप्पा राहून जातोय. विजापुरात ही काही पहिली मशीद नव्हे. अरकिल्ल्यात, म्हणजे शहराच्या आतल्या बालेकिल्ल्यात, करीमुद्दीनची मशीद आहे, १३२० ची. तिथे मंदिरांचे जुने खांब वापरून वर आडव्या तुळया टाकल्यात. शिलालेखात करीमुद्दीन हा मलिक काफूरचा मुलगा असं येतं आणि काम करणारा सुतार म्हणून साळोटगीच्या रेवय्याचं नाव. आपल्या देवगिरीवरची १३१८ ची मशीदही त्याच पद्धतीची, खांब आणि तुळई. त्या दोन्ही बघून मग जामा मशिदीत आलात की अडीचशे वर्षांत काय बदललं ते कळतं. इथे उचललेला एकही खांब नाही. सगळं कमानीवर, सगळं याच कामासाठी घडवलेलं.

काम पूर्ण मात्र झालं नाही. पूर्वेकडचे नियोजित मनोरे चढलेच नाहीत, अंगणाच्या कठड्यावरची नक्षीदार कंगोऱ्यांची रांगही राहिली. १५८० मध्ये अलीचा खून झाला, गादीवर नऊ वर्षांचा दुसरा इब्राहिम आला, कारभार चांदबिबीकडे. दरबारात गट पडले. बांधकाम रखडायला एवढं पुरतं.

सीमावर्ती
मेहराबीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून?

दख्खनी_दस्तऐवज
तिकडेच येत होतो. बाकी मशीद पांढरी, साधी, आणि पश्चिम भिंतीवर मध्यभागी एकदम सोनं आणि रंग. हे काम मूळ बांधणीचं नाही. मुहम्मद आदिलशहाच्या काळात, १६३६ मध्ये ते झालं. लेखात मलिक याकूतचं नाव येतं.

जवळ जाऊन बघितलं तर कोनाडे दिसतात, त्यांत ठेवलेल्या फुलदाण्या, पुस्तकं, मनोरे. हे सगळं चितारलेलं आहे. रंगांनी खोली भासवलीय. मधूनमधून फारसी ओळी, आयुष्य क्षणभंगुर आहे या अर्थाच्या.

१६३६ हे साल मराठी वाचकाला ओळखीचं असेल. त्याच साली मुघल आणि आदिलशाही यांनी निजामशाहीचा मुलूख वाटून घेतला आणि शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले. दरबाराच्या उत्तरेच्या सरहद्दीवर शांतता झाली, हाती मुलूख आला, त्या वर्षीचा हा सोनेरी मुलामा.

गोलघुमटाच्या स्थापत्यकाराचं नावही दाभोळचा याकूत असं सांगितलं जातं. दाभोळ तेव्हा आदिलशाहीचं मोठं बंदर होतं, त्यामुळे कोकणातला माणूस राजधानीत कामाला असणं नवल नाही.

सीमावर्ती
आणि जमिनीवरच्या त्या चौकटी?

दख्खनी_दस्तऐवज
फरशीवर काळ्या रेघांनी आखलेल्या मुसल्ल्यांच्या (नमाजाच्या आसनांच्या) जागा. एकेका माणसाला एक. आकडा साधारण २२५० दिला जातो. त्या औरंगजेबाने आखून घेतल्या असं मानतात. त्याने सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर घेतलं. पूर्वेचा दरवाजाही त्याच्याच नावावर आहे. इथले गालिचे त्याने नेले आणि बदल्यात रेघा दिल्या, असं गावात सांगतात. ती दंतकथा म्हणून घ्यावी.

चुनाभट्टी
आता बिघाडांवर येऊ, कारण या धाग्यातला सगळ्यात उपयोगी भाग तोच.

इथे दगड काळा, स्थानिक. घुमट विटांचा, आडव्या थरांत, आणि विटांच्या मध्ये चुना भरपूर. चुन्याचं प्रमाण एवढं की काम वाळल्यावर विटा वेगळ्या राहत नाहीत, सगळं मिळून एकसंध कवच होतं. या चुन्याला तीन गुण आहेत: तो हळू घट्ट होतो म्हणून सुरुवातीचा खच सोसतो, त्यातून ओल बाहेर पडते, आणि बारीक चीर पडली तर पाण्याबरोबर विरघळलेला चुना तिथेच पुन्हा जमून ती थोडी बुजते.

सिमेंट यातलं काहीच करत नाही. गच्ची गळायला लागली की कुणीतरी वर सिमेंटचा थर देतो. पहिले दोन पावसाळे कोरडे जातात. मग सिमेंट आणि जुना कोबा (चुना-खडीचा ठोकलेला थर) यांच्या सांध्यात केसाएवढी चीर पडते, पाणी आत जातं आणि वर सिमेंट असल्याने वाफ होऊन बाहेर पडू शकत नाही. ते खाली उतरतं, उथळ घुमटीच्या पोटात साठतं आणि आतल्या गिलाव्यावर क्षार फुलतात. आतून पांढरी पिठी दिसली की समजा पाणी वरून आहे. गिलावा खरवडून पुन्हा लावण्यात काही हशील नाही, आधी गच्ची बघा.

त्या गाडलेल्या छत्तीस घुमट्या इथेच अडचणीच्या ठरतात. सपाट गच्चीखाली भरणी आहे, भरणीत ओल शिरली की सुकायला वाट नाही. म्हणून पन्हळी मोकळ्या ठेवणं हे निम्मं संवर्धन. कबुतरांची घरटी आणि वाळका पाला एका पन्हळीत अडकला तरी पूर्ण गाळ्यावर पाणी तुंबतं.

अदमास
चुन्याचा कोबा करायची रीत सविस्तर लिहाल का? बऱ्याच जुन्या वाड्यांनाही लागेल.

चुनाभट्टी
कळीचा चुना आणून हौदात विरवायचा. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळी येते, डोळ्याला चष्मा हवाच. निदान पंधरा दिवस पाण्याखाली राहू द्या, महिना मिळाला तर उत्तम. न विरलेले खडे राहिले तर ते पुढे भिंतीत फुगतात आणि गिलाव्याला फोड येतात.

मसाला एक भाग विरलेला चुना, दोन ते तीन भाग वाळू आणि सुरखी (विटांची पूड) मिळून. सुरखी पक्क्या भाजलेल्या विटेची नको, अर्धवट लाल भाजलेल्या विटेची घ्या, चुन्याशी ती चांगली लागते. घाणीत (चुना दळायच्या चक्कीत) दळून घेतला तर मसाला लोण्यासारखा येतो. मिक्सरमध्ये नुसता कालवला तर कण मोकळे राहतात.

कोब्यासाठी विटांची २० ते २५ मिलिमीटरची खडी रात्रभर पाण्यात भिजवायची. कोरडी खडी मसाल्यातलं पाणी पिते आणि थर भुसभुशीत राहतो. खडी शंभर भाग, मसाला चाळीस ते पन्नास. थर दहा सेंटिमीटर, उतार साठ फुटांत एक फूट तरी. मग लाकडी थापीने ठोकायचं. एक दिवस नव्हे, सात दिवस, थापी टणकन उसळेपर्यंत. ठोकताना वर शिंपडायला शंभर लिटर पाण्याला तीन किलो गूळ आणि दीड किलो बेलफळाचा गर उकळून घेतात. काही कारागीर हिरडाही घालतात. ठोकणी संपली की निदान दहा दिवस ओलं गोणपाट. उन्हात वाळवलात तर वरून कडक आणि आतून पीठ.

कंत्राटात बहुतेकदा कापली जाते ती ठोकणी, कारण ती मजुरीची आणि डोळ्यांना न दिसणारी. पैसे वाचतात आणि तिसऱ्या पावसाळ्यात गळती परत येते.

इंजिनवाला
दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरतानाही हेच. जुना दगड आणि सिमेंटची दरज असेल तर सिमेंट घट्ट आणि दगडाची कड सैल होते, कड सुटते. दरज नेहमी दगडापेक्षा नरम हवी. खणायची छिन्नीने, ग्राइंडर लावला की दगडाची कड गेलीच. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट तरी, धूळ फुंकून, पाणी मारून मग भरणी.

पिंपळाबद्दलही लिहितो. छज्जावर किंवा घुमटाच्या बैठकीत उगवलेलं रोप ओढून काढायचं नाही. मूळ विटेच्या मध्ये शिरलेलं असतं, ओढलं की वीट येते. देठाशी कापा, ताज्या कापावर तणनाशक ब्रशने लावा, मूळ मरू द्या, मग सहा-आठ महिन्यांनी मोकळी झालेली पोकळी पातळ चुन्याने भरा. नुसतं कापलं तर पुढच्या पावसाळ्यात दुप्पट फुटवे.

सीमावर्ती
बघायला जाणाऱ्यांसाठी: सोलापूरहून रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर. अरकिल्ल्याकडून जामा मशिदीकडे येताना वाटेत मेहतर महाल लागतो, त्याच्या सज्जाखालचे दगडी हस्त सोडू नका. सकाळी लवकर जा. दालन पूर्वाभिमुख असल्याने ऊन थेट मेहराबीपर्यंत पोचतं, दुपारी आत अंधार. मशीद चालू आहे, शुक्रवारी दुपारी पर्यटन नको. चपला दरवाजात, आणि उन्हाळ्यात मोजे घाला, अंगणाची फरशी तापते.

कातळवेडा
आत गेल्यावर मेहराबीकडे लगेच धावू नका. आधी मधल्या चौकोनाच्या कडेला उभे राहा आणि एकाच कमानीचा पाय धरून ती कुठे उतरते ते नजरेने शोधा. मधला एक पाय सोडून पुढच्या पायावर ती टेकलेली दिसेल. मग तिला छेदणाऱ्या दोन कमानी शोधा. आलेखावर आधी काढलेलं असेल तर अर्ध्या मिनिटात डोळा सरावतो.

अदमास
शेवटची शंका. गोलघुमटात जसा आतून सज्जा आहे तसा इथे का नाही? घुमट मागे सरकवला असेल तर कड उरायला हवी.

नकाशेवाला
मापाचा प्रश्न आहे. इथे व्यास ५७ फूट, कवच पातळ, त्यामुळे मागे सरकवायची गरजही कमी. कड उरते ती माणूस चालावा एवढी नाही. शिवाय इथे घुमट थेट गच्चीवर बसवला नाही. आधी कमानींच्या रांगेची एक चौकोनी उंच बैठक आहे, तिने पायाला घेरून वजन दिलंय. बाहेरून बघताना घुमटाच्या पायथ्याशी पाकळ्यांची माळ दिसते, तिच्या खाली ती बैठक. अंगणाच्या पूर्व टोकाला गेलात की दोन्ही एका नजरेत येतात.